आत येऊ देणारं कुत्रं

“धरा! आधी कुत्रं धरा कुणीतरी! घरात माणसं हायेत का समदी गेली गावाला? मी आत आलो तव्हा ह्यानं शेपूट हालवलं, आन् आता माघारी फिरलो त मलाच अडवून राह्यलंय!”

माझा चुलत भाऊ आमच्या कडब्याच्या गंजीवर उभा राहून ओरडत होता. गंज दोन पुरुष उंच होती आणि तो तिच्यावर शिडीवाचून चढला होता. पुढं कैक वर्षं गावातली पोरं पैजा लावून तसं चढून बघत, एकालाही जमलं नाही. खाली त्याचं तट्टू खुशाल आमचा कडबा खात होतं. आणि दरवाज्यात, उंबऱ्याच्या रेषेला रेष लावून, आमचं कुत्रं आडवं पडलं होतं. भुंकत नव्हतं, गुरगुरतही नव्हतं. डोळेसुद्धा पुरते उघडे नव्हते.

मी आडावर पाणी शेंदत होते. म्हणाले, “दादा, खाली ये. ते काही करत न्हाई.”

“करत न्हाई? मंग बाहेर जाऊ देतं का?”

“बाहेर न्हाई जाऊ देत. घरात बस, च्या पी. मामंजी आले म्हंजी सोडतील तुला.”

“कव्हा येतेत?”

“कापूस घेऊन जालन्याला गेलेत. जीनवर गाड्यांची रांग लागलीय म्हणं. आज न्हाई त उद्या.”

तेव्हा कुठं त्याला आठवलं की आपण निरोप घेऊन आलोय. गंजीवरच मटकन बसला तो. आवाज एकदम उतरला.

“बाई, काकूचं काही खरं न्हाई. ताप उतरंना. परवापासून तुझंच नाव घेऊन राह्यलीय. डोळे दाराकडं लावून बसलीय. रातभर तट्टू हाणत आलो मी. तुला घेऊन जायाचंय. जल्दी चल.”

काकू म्हणजे माझी माय. धावड्याला. आमचं सासरचं गाव बदनापूरजवळ, आणि तिथून धावडा म्हणजे बैलगाडीनं एक अख्खा दिवस आणि वर थोडी रात्र. सकाळी निघालं तर वाटेत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत पोचायचं.

मी पोहरा आडाच्या काठावर ठेवला. रडू येईल म्हणून वाट पाहिली, आलं नाही. पायाला मुंग्या येऊन गेल्यावर पाय आपला नसल्यासारखा होतो ना, तसं सगळं अंग झालं होतं. एकच गोष्ट लख्ख दिसत होती. दरवाजा उघडा होता आणि दरवाज्यात कुत्रं होतं.

आता त्या कुत्र्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. तेव्हाही जाता आलं नव्हतं.

आमच्याकडं त्याला छावणीची जात म्हणत. मामंजींचं म्हणणं, त्यांच्या आजोबांनी जालन्याच्या छावणीतून आणली. पलटण उठून जायला लागली तेव्हा एका गोऱ्या साहेबाच्या दोन कुत्र्या मागं राहिल्या. एकीनं शोकानं अन्न सोडलं. दुसरीनं सोडलं नाही, तीच आमची मूळ पुरुषीण. शेजारचे पिंजारी चाचा ही गोष्ट ऐकून पान थुंकायचे. त्यांच्या मते ही कुत्री काबूलकडच्या एका रोहिल्यानं आणली, आणि तो रोहिला एका सावकाराच्या तिजोरीवर बसायला होता. कुत्री राहिली, रोहिला गेला, सावकारही गेला. आणि धनगर पावसाळा सरला की आमच्या रानात मेंढरं बसवायला यायचे, ते काहीच बोलायचे नाहीत. फक्त आमच्या कुत्र्याकडं आणि मग आपल्या कुत्र्यांकडं बघून गालातल्या गालात हसायचे. मला विचाराल तर बाप छावणीचा, माय धनगराची आणि खोटं बोलणारे सगळे आमच्या घरचे.

अंगानं ते वासराएवढं होतं. पहिल्यांदा मी ही गोष्ट सांगितली तेव्हा वासराएवढं म्हणाले, पुढं गोऱ्ह्याएवढं म्हणायला लागले. आता लिहिताना हात बैलाकडं चाललाय, म्हणून थांबवते. रंग जळक्या भाकरीचा, तोंड काळं, गळ्याची कातडी इतकी सैल की त्यात दुसरं एक कुत्रं मावलं असतं. भुंकणं त्याला कमीपणाचं वाटे. लांडगा आला तरी भुंकायचं नाही. लांडग्याला जवळ येऊ द्यायचं. त्याला नावही नव्हतं. नाव ठेवलं की कोणीही हाक मारील, असं मामंजींचं म्हणणं.

पिल्लं झाली की महिन्याभरानं सगळी डालग्यात घालून दरवाज्याबाहेर सोडायचे. बाकीची केकाटत आत पळायची. एखादं उंबऱ्यापर्यंत यायचं, आत-बाहेर बघायचं आणि तिथंच आडवं पडायचं. ते ठेवायचं, बाकीची वाटून टाकायची. चार पिढ्या हीच निवड. म्हणून झालं काय, की राखणीची दुसरी कुत्री माणसाला आत येऊ देत नाहीत. आमचं आत येऊ द्यायचं, पण बाहेर जाऊ द्यायचं नाही. आत आलेली वस्तू मालकाच्या हाताशिवाय बाहेर गेली नाही पाहिजे, एवढा एकच कायदा त्याला ठाऊक. मामंजी एका हातानं त्याची मान धरायचे, दुसरा हात पाव्हण्याच्या खांद्यावर ठेवायचे, मग पाव्हणा सुटायचा.

एकदा एक चोर आला. मामंजी लग्नाला गेले होते. चोरानं भांडी गोळा केली, गाठोडं बांधलं, कुत्रं बघत राहिलं. दरवाज्याशी आला तेव्हा ते उठून उभं राहिलं. बस, एवढंच. बिचारा दोन दिवस ओसरीवर बसून होता. भूक लागली तेव्हा भाकरी मागितली, सासूबाईंनी दिली. बसून बसून कंटाळला तेव्हा गोठा झाडून काढला, कडबा तोडला, पहिल्या दिवशी उतरवलेली भांडी घासून परत मांडली. मामंजींनी येऊन काम पाहिलं आणि त्याला सालगडी ठेवून घेतला. पुढं तो मरेपर्यंत म्हणायचा, “चोरी कसली? मी कामच शोधायला आल्तो.” लढाईच्या दिवसांत लेव्हीची ज्वारी मोजायला एक सरकारी शिपाई आला. तो दारात उभा राहून, “मैं सरकारी आदमी हूँ!” असं कुत्र्याला दोन तास सांगत होता. निजामाच्या राज्यात जन्मूनही कुत्र्याला बिलकुल उर्दू येत नव्हती.

घरचे पुरुष रोज रानात जायचे, तेवढ्यांची त्याला सवय होती. आम्ही बायका मात्र त्याच्या हिशेबात घरातल्या वस्तू. नवी सून आली की पाचव्या दिवशी ओळख घालायचे. सुनेचे हात परातीत धुवायचे, त्या पाण्यात पीठ मळून भाकरी करायची आणि ती मामंजींनी स्वतःच्या हातानं कुत्र्याला घालायची. माझी घातली तेव्हा त्यानं भाकरी खाल्ली, माझ्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा कधी बघितलं नाही. मोजून ठेवल्यासारखं. त्या दिवसापासून मी त्याची झाले. देवळात जायचं, पंचमीला झोक्याला जायचं, माहेरी जायचं, तर मामंजी दारात पाहिजेत.

माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, याच दारातून सून म्हणून आत आल्या होत्या, कुत्र्याच्या आजीच्या वेळेला. त्यांचा भाऊ दरसाल मूळ घेऊन, त्यांना माहेरी न्यायला यायचा. कधी मामंजी घरी नसत, कधी असूनही कामात असत. “मालक न्हाईत, कुत्रं सोडायचं न्हाई,” असं घरातूनच उत्तर जाई. भाऊ लाडू ठेवून माघारी जाई. तोही मामंजी आले की. पुढं त्याचं येणं बंद झालं. हे मला पिंजारी चाचींनी सांगितलं; आत्याबाईंनी कधी काढलं नाही.

तर त्या दिवशी मामंजी आणि आमचे हे दोघंही जालन्याला. घरात आत्याबाई, मी आणि धाकटे भाऊजी. भाऊजी तालीम करायचे. छाती काढून बाहेर आले.

“वहिनी, तुम्ही लुगडं-बिगडं बदलून तयार व्हा. म्या कुत्र्याला बांधतो.”

दोरीचा फास करून टाकला. कुत्र्यानं तो गळ्यात पडू दिला, मग मान खाली घातली आणि दोरी सुपारीसारखी कातरली. भाऊजींनी नवी दोरी आणली. ती पण कातरली. तिसरी आणायला गेले ते कांबळं घेऊन आले, कुत्र्यावर टाकलं आणि वर बसले. कुत्रं उठलं. भाऊजी कांबळ्यासकट अंगणाच्या मध्यावर येऊन पडले.

भिंतीवरून पिंजारी चाचांचं डोकं निघालं. “अरे बेटा, ताकत से नै होता. ठैरो, मैं आतूँ.”

“चाचा, येऊ नका! आत येऊ नका!” मी ओरडले. पण ते दरवाज्यातून आलेही होते, खांद्यावर धुनकी घेऊन. कापूस पिंजायची ती लांब धनुकली. कुत्र्यासमोर उकिडवे बसून त्यांनी तात छेडली. टँव्, टँव्, टँव्. कुत्र्यानं मान वाकडी केली. ऐकलं. चाचा वाजवत वाजवत मागं सरकायला लागले, की कुत्रं मागं येईल. कुत्रं आलं नाही. चाचा दमले, उठले आणि घराकडं निघाले, तेव्हा मात्र कुत्रं उठून उभं राहिलं.

“लो,” चाचा धुनकी खाली ठेवून म्हणाले, “मैं बी गया काम से.”

गावात बातमी पसरली. जो तो मदतीला आला. न्हावी आला, तेली आला, देवीचा पुजारी आला, दोघंतिघं नुसते बघायला आले. कुत्र्यानं प्रत्येकाला मानानं आत घेतलं. ऊन चढेपर्यंत आमच्या अंगणात निम्मं गाव जमा झालं होतं आणि त्यातल्या एकालाही बाहेर जाता येत नव्हतं. न्हाव्यानं बसल्या बसल्या चौघांच्या हजामती उरकल्या. कोणीतरी चिलीम भरली. बाहेर रस्त्यावर त्यांच्या बायका येऊन विचारत होत्या, “जेवायला येताय का न्हाई?” आणि आतून उत्तर जात होतं, “सोडलं त येऊ!” माझा भाऊ गंजीवरून उतरला होता आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होता, “ह्यानं शेपूट हालवलं हो, खोटं कामून सांगू?”

आत्याबाई आत चुलीपुढं होत्या. एवढी माणसं अडकली म्हणजे त्यांना उपाशी कसं ठेवायचं? भाकरीवर भाकरी थापत होत्या. सकाळपासून बाहेर आल्या नव्हत्या. त्यांना कोणी काही विचारलंही नव्हतं. कुत्रं मामंजींचं, त्यात त्या काय करणार?

भाऊजी मामंजींना आबा म्हणत; म्हणाले, “मी जालन्याला जाऊन आबाला घेऊन येतो.”

“सकाळची आगगाडी गेली,” न्हावी म्हणाला. “आता सांजच्याला.”

“मंग माळवदावरून,” तेली म्हणाला. “हिकडल्या माळवदावरून तिकडल्या माळवदावर. बोळ काय, चार हात आसंल.”

सगळे वर बघायला लागले. भाऊजी म्हणाले, “आमच्या घरची सून माळवदावरून उडी मारील? गाव काय म्हणंल?”

“गाव हितंच हाय,” चाचा म्हणाले. “पूछ लो.”

सगळे हसले. मीसुद्धा हसले असेन, कारण माझा भाऊ माझ्याकडं चमकून बघत होता. तो जवळ आला. हळूच म्हणाला, “बाई, काकू वाट बघून राह्यलीय गं.”

मला कळत होतं. शब्द कळत होते. माय पडवीत निजली असेल, दाराकडं तोंड करून. दारात कोणाची सावली पडली की मान उचलत असेल. हे सगळं मी मनात बघत होते आणि ते दुसऱ्या कोणाच्या घरात चाललंय असं वाटत होतं. पदर खोचला आणि सरळ दरवाज्याकडं चालायला लागले.

चिलीम ओढणाऱ्यानं ती खाली ठेवली.

कुत्रं उठलं. घाई केली नाही. त्यानं माझं मनगट तोंडात धरलं. चावलं नाही, खरंच चावलं नाही. मांजर पिल्लू उचलतं तसं धरलं आणि मला ओसरीपर्यंत आणून सोडलं. मी परत निघाले. त्यानं परत आणून सोडलं. पुन्हा निघाले. भाऊजी म्हणत होते, “वहिनी, नका ना!” चाचा म्हणत होते, “बेटी, बस.” त्या वेळेला मी झटका दिला असेल किंवा त्याचा दात अडकला असेल. कट् असा आवाज झाला आणि माझ्या डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्या फुटून अंगणात पडल्या.

आता त्या काळी सवाष्णीच्या हातातली बांगडी फुटणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. आमचे हे गाड्या घेऊन बाहेरगावी. पुजाऱ्यानं तोंडावर हात ठेवला. रस्त्यावरच्या बायका “अगं बाई!” म्हणाल्या. आणि आतून आत्याबाई बाहेर आल्या.

हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले. डोक्यावरचा पदर धुरानं पिवळा. ठेंगणी बाई, माझ्या खांद्याला लागायची. त्यांनी जमिनीवरच्या काचा बघितल्या, माझा हात बघितला आणि तडक जाऊन कुत्र्याच्या मुस्काटात लगावली.

“दिवसाढवळ्या माझ्या सुनेच्या बांगड्या फोडतो व्हय रे, रांडेच्या!”

भाऊजींना कांबळ्यासकट उडवणारं कुत्रं. लांडगे मोजून मारणारं कुत्रं. त्यानं डोळे मिटून घेतले. काळ्या तोंडावर पांढरा पंजा उमटला होता. नाकात पीठ गेलं म्हणून एकदा शिंकलं, जिभेनं ते चाटलं, आणि उठून लिंबाखाली जाऊन बसलं. आमच्याकडं पाठ करून.

आत्याबाई दरवाज्यात उभ्या होत्या. एक पाऊल उंबऱ्यावर. रस्त्याकडं बघत होत्या. मी मागं होते म्हणून त्यांचं तोंड मला दिसलं नाही. बऱ्याच वेळानं त्या वळल्या, आपल्या हातातली एक बांगडी काढली आणि माझ्या उघड्या मनगटावर चढवली. त्यांची बांगडी लहान, माझा हात मोठा. सगळं पीठ माझ्या हाताला लागलं.

“जा,” म्हणाल्या. मग बाकीच्यांवर ओरडल्या, “आन् तुम्ही काय बसलात? तमाशा हाय का हितं? जेवून घ्या आन् चालते व्हा!”

निम्मं गाव मान खाली घालून जेवलं आणि मान खाली घालून बाहेर पडलं.

ऊन डोक्यावर आलं होतं. चांगले बैल कापसाच्या गाड्यांना गेलेले, म्हणून भाऊजींनी म्हातारी जोडी छकड्याला जुंपली. भाऊ मागं तट्टूवर. वाटेत तो छकड्याजवळ येऊन म्हणाला, “बाई, सासरा तुकडा घालतो, खरंय. पण पीठ कुणाच्या हातचं? त्या कुत्र्यानं जल्मभर त्या म्हातारीचाच हात खाल्लाय. तुमच्या घरात हे कुणालाच कसं सुचलं न्हाई?”

मी म्हणाले, “कुत्रं मामंजींचं हाय.”

“बराबर,” तो म्हणाला आणि मागं राहिला.

राजूरच्या पुढं एका बैलानं बसकण मारली. त्याला उठवायला दोन चिलमी लागल्या. भोकरदनच्या अलीकडं मुक्काम झाला, बैलांना पुढं नेणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला धावडा आला. वेशीतच कळलं. लोक आमच्या छकड्याला वाट देत होते आणि कोणी काही विचारत नव्हतं.

माय दुपारी गेली होती. जेवणवेळ टळून गेल्यावर. “लेक येईल म्हणून थांबलो घडीभर,” थोरले काका म्हणाले. “मंग उचललं. दिवस मावळायला लागला व्हता.” मोठी भावजय माझ्या गळ्यात पडून म्हणाली, “वन्सं, दुपारपस्तोर जित्त्या व्हत्या हो! पाणी मागितलं, आन् इचारलं, आली का म्हणून.”

मला रडू आलं नाही. बायका मला धरून बसल्या. “रड, बाई, मोकळी हो,” म्हणत पाठीवरून हात फिरवत होत्या. एक म्हातारी तर चिडली. म्हणाली, पोटची लेक असून डोळ्याला पाणी न्हाई. कोणीतरी विचारलं, “उशीर कशानं झाला?” आणि मी सांगायला लागले. कुत्रं वासराएवढं आहे म्हणाले. गंजीवर दादा कसा चढला ते सांगितलं. भाऊजी आणि कांबळं. चाचांची धुनकी. न्हाव्यानं चौघांच्या हजामती केल्या त्या मी सांगताना सात झाल्या. एक बाई तोंडात पदर कोंबून हसली, मग दुसरी. माझी भावजय रडता रडता हसायला लागली आणि तिला ते थांबवता येईना. मी सांगतच राहिले. ती गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली ती तिथं, मायची जागा शेणानं सारवून तिच्यावर दिवा ठेवला होता, त्याच्या शेजारी बसून. चांगली रंगली होती.

तेरावं उरकून सासरी आले तेव्हा दरवाज्यात कुत्रं आडवं पडलेलं. त्यानं माझा वास घेतला आणि आत घेतलं. मामंजी जालन्याहून आले होते. त्यांना सगळ्या गावानं सांगितलं होतं, पण त्यांचा विश्वास नव्हता.

“त्या दिशी कुत्र्याला हिव भरलं असंल,” ते म्हणाले. “आजारी जनावर. न्हाई त ते उठतंय व्हय?”

माझ्या मायबद्दल ते चांगलंच बोलले. बाई गुणाची होती म्हणाले. पुढच्या वेळी माहेरी जायचं असलं तर आधी सांगत जा, म्हणजे मी घरी राहीन, असंही म्हणाले. माझ्यासमोर यायला नको म्हणून भाऊजींनी तालमीतून यायला उशीर केला. आमच्या ह्यांनी नव्या बांगड्या आणल्या होत्या, जालन्याच्या, लाल. मी भरून घेतल्या.

दुपारी ओसरीवर आत्याबाई आणि मी बोंडं फोडत बसलो होतो. ओल्या निघालेल्या कापसाची बोंडं राहिली होती शेवटची. त्या बोंड हातात घेत, अंगठ्यानं फोडत, कापूस एकीकडं आणि टरफल दुसरीकडं. मीही तेच करत होते. वाटेत सगळा रस्ता मी त्यांना काय म्हणायचं ते ठरवत आले होते. दुपारपर्यंत जिवंत होती. तुम्ही सकाळीच बाहेर आला असता तर. सकाळी एक पाऊल टाकलं असतं तर. तोंडात शब्द तयार होते, पण त्यांच्यात जोर येत नव्हता. दुसऱ्या कोणाचं भांडण आपण निरोप म्हणून घेऊन आल्यासारखं.

“आत्याबाई,” मी म्हणाले, “माय दुपारपस्तोर जित्ती व्हती.”

त्यांनी बोंड फोडलं. कापूस काढला.

“कुत्रं तुमचं ऐकतं, हे तुम्हाला कव्हापासून ठावं व्हतं?”

त्यांनी दुसरं बोंड घेतलं.

“त्याच दिशी कळलं,” त्या म्हणाल्या.